कोठीपोटाच्या पुढे

४ मार्च

धाकटे,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला आहे. फोन बंद करता येतो. टपाल मात्र तुझ्या ऑफिसातल्या शिपायाच्या हातून थेट टेबलावर येणार, आणि त्याच्या देखत ते न उघडता फेकायची तुझी हिंमत नाही. चारचौघांत तू लहानपणापासून फार सभ्य. ख्यालीखुशाली विचारत नाही. आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर.

हे पत्र तुझ्या दादाच्या गाईंबद्दल आहे.

निवृत्तीनंतर मी त्याच्याकडेच राहते. गोठ्याच्या मागची खोली माझी. खिडकी उघडली की दावणीला बांधलेल्या सगळ्या गाईंच्या पाठी दिसतात. जिनं नोकरीची सगळी वर्षं पशुआहाराच्या प्रयोगशाळेत काढली तिला याहून चांगला देखावा कुणी द्यायचा? त्या पाठींवर आता बरगड्या दिसू लागल्या आहेत. नव्या वर्षाच्या सुरुवातीला दिसत नव्हत्या.

तुझ्या कंपनीची भाजलेली सोयाबीन पेंड दादा वर्षभर घालतो आहे. पहिली पोती आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पोत्यावर हसणाऱ्या गाईचं चित्र आहे. गाय हसत नाही, हे तुला तरी ठाऊक असायला हवं. पण पेंड चांगली होती. फिकट सोनेरी, सुटी, भाजल्या दाण्यांच्या वासाची. दूध वाढलं, आणि मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे शाबासकी, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

आता जी येते ती पेंड तपकिरी आहे, जवळजवळ कॉफीच्या रंगाची. चिमूटभर चोळली की जळक्या साखरेचा वास येतो. गाई आधी वैरण उरवायला लागल्या, मग दूध उतरलं, मग अंग. दादानं आधी पाण्याला दोष दिला, मग हवेला, आणि आता पाळी वहिनीवर आली आहे. काल धारेच्या वेळी तिला म्हणाला, "तुझा हात जड झालाय. गाय पान्हा चोरते."

ती बादली बाजूला ठेवून म्हणाली, "हात लग्न झाल्यापासून तोच आहे. तिच्या पुढ्यात काय टाकता ते बघा."

"धाकटीनं केलेलं वाईट कसं असेल?" एवढं बोलून तो बाहेर गेला.

आता मुद्दा कळला ना? पोत्यावर खाली कोपऱ्यात 'गुणवत्ता तपासली' असं छापून तुझी सही आहे. त्यानं पहिल्या रिकाम्या पोत्याचा तेवढा तुकडा कापून गोठ्याच्या दारावर खिळ्याला अडकवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. माझ्या सेवेचं मानचिन्ह कपाटावर धूळ खात आहे, हे जाता जाता सांगते.

भट्टी किती तापवता आहात ते बघ. ताबडतोब.

आशीर्वाद उरला नाही.

ताई


११ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. तुमचा शिपाई आळशी असावा, अशी मी समजूत करून घेते.

तुमच्या कंपनीचं माहितीपत्रक दादाच्या घरात देवाच्या पोथीसारखं जपून ठेवलंय, ते काल वाचलं. 'आमचं प्रथिन गाईच्या पोटात फुकट जात नाही.' हे वाक्य तू पास केलंस? तू? गाय स्वतः आधी जेवत नाही, हे आपण शेतकऱ्यांच्या शिबिरांत घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो. ती आधी आपल्या पोटातल्या जंतूंना जेवू घालते. तिचं पहिलं पोट, कोठीपोट, म्हणजे एक मोठा ऊबदार पिंप आहे आणि त्यात कोट्यवधी जीव वैरण कुजवत बसलेले असतात. पेंडीतलं काही प्रथिन ते फोडतात, त्यावर वाढतात, आणि वाढून पुढे वाहत गेले की गाय त्यांनाच पचवते. म्हणजे जे कोठीपोटात फुटतं ते सगळं फुकट जात नाही. त्यातलं थोडं वाचवून पुढच्या पोटांत न्यावं म्हणून पेंड भाजायची. थोडं. सगळं वाचवलंत तर जंतू उपाशी. जंतू उपाशी की वैरण कुजत नाही. वैरण कुजली नाही की पोट रिकामं होत नाही, आणि गाय गव्हाणीपुढे नुसती उभी राहते. आमच्याकडे सध्या असंच चाललं आहे.

हे मी शुक्रवारी दादाला जेवताना सांगितलं. शांतपणे सांगितलं. वहिनी साक्षीला आहे, ती म्हणते, "ताई, तुम्ही शांत होतात, पण चमचा आपटत होतात."

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं भांडण गोठ्यात आणू नका."

"हे भांडण नाही, पोटाचं शास्त्र आहे."

"तीन वर्षं तू तिच्याबद्दल एक बरा शब्द काढला नाहीस. आता तिची पेंडही वाईट. मी काय समजायचं?"

मी दुसऱ्या दिवशी वहिनीची पिठाची चाळणी घेतली, मुकी गाईचं ताजं शेण त्यात टाकलं आणि नळाखाली धूत बसले. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "ती चाळणी आता पिठाला परत यायची नाही," म्हणाली. नवी आणून देईन म्हटलं. धुऊन धुऊन शेवटी चाळणीत न पचलेले काड्यांचे लांब तुकडे राहिले, आणि त्यांच्यात पेंडीचे तपकिरी कण, जसे गेले तसे बाहेर आलेले. मी ते ओंजळीत घेऊन दादाला दाखवले.

"शेणात शेणच निघणार, ताई," तो म्हणाला आणि नळ बंद केला.

मुकी तुला आठवते का? तू कंपनीत गेलीस त्या वर्षीची कालवड. कधी हंबरत नाही म्हणून मुकी. आता गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय तीच, म्हणून सगळ्यात आधी खंगलीही तीच. दादा दलालाशी बोलतो आहे. "गाय संपली," म्हणतो. ऐन उमेदीतली गाय अशी संपत नाही. पण मी सांगून उपयोग नाही. माझं त्याला ऐकू येत नाही. तुझं ऐकू येईल.

आशीर्वादाचं बघू.

ताई


१५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. कंपनीच्या कागदावर, वर 'आदरणीय ताई'. आदरणीय म्हणे. आपण एका फ्रॉकमध्ये वाढलो. मला लहान झाला की तुला.

तू लिहितेस की प्रत्येक खेप पिशवीच्या चाचणीतून गेली आहे आणि दर वेळी निकाल आधीपेक्षा सरस आला. वाचून मी खुर्चीत बसले. चूक कुठे आहे ते तुझ्या स्वतःच्या अक्षरात आहे आणि तुला ते दिसत नाही.

सरस येणारच. आठव. आपल्या संशोधन केंद्रात खिडकीबाई होती, कुशीला भोक आणि त्यात रबरी बूच असलेली ती थोराड गाय. पेंड नायलॉनच्या छोट्या पिशवीत भरायची, खिडकी उघडून कोठीपोटात सोडायची, ठरल्या वेळी बाहेर काढायची आणि किती उरलं ते बघायचं. उरलं ते जंतूंच्या तावडीतून सुटलं. भट्टी तापवली की जास्त उरतं. आणखी तापवली की आणखी उरतं. प्रत्येक वेळी निकाल सरस आणि तुमचे साहेब खूश. विटेचा तुकडा पिशवीत घातला असतास तर तो शंभर टक्के उरला असता. मग काय, दादानं गाईंना विटा घालायच्या?

कोठीपोटातून सुटलेलं प्रथिन पुढे आतड्यात पचलं पाहिजे. जळलेलं पचत नाही. म्हणून केंद्रात चाचणीचा दुसरा भाग होता. उरलेला माल आणखी बारीक पिशव्यांत भरून खिडकीबाईच्या आतड्याला बसवलेल्या नळीतून पुढे सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी शेणातून त्या पिशव्या वेचून काढायच्या. त्यातही माल तसाच उरला असेल तर सगळी मेहनत उकिरड्यावर. हा अर्धा भाग तुम्ही करतच नाही. तुझ्या पत्रात त्याचं नावही नाही.

आणि त्यावर तुझं उत्तर आधीच तयार, पत्राच्या तळाशी: 'माझ्याकडे कायम खिडकीपर्यंतचंच काम असायचं. पुढचं तू मला कधी करू दिलंस?'

हा कांगावा आहे. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून कामावर कोण यायचं? पहिल्याच आठवड्यात शेणाच्या घमेल्याकडे बघून ओकारी कुणाला आली? मी तुला म्हटलं, जा, चहा घेऊन ये, मी करते. रोज म्हटलं. तू रोज गेलीस. मी थंडीत कोपरापर्यंत शेणात हात घालून पिशव्या शोधायच्या, धुवायच्या, तुला तयार आकडे द्यायचे, आणि आज ते 'करू दिलं नाहीस' होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या मदर तुझा रुमाल उसवायच्या तेव्हाही रात्री तो कुणी पुरा केला? तेव्हा मात्र तक्रार नव्हती.

माझ्या निरोपसमारंभात मी जे बोलले तेही तू उकरून काढलंस. "धाकटीनं गाई सोडून पोत्यांशी लग्न लावलं." लोक हसले, तू उठून गेलीस. ते वाक्य मी मागे घेत नाही. हसले नसते तर बरं झालं असतं, एवढंच.

आता काय करायचं ते ऐक. सोमवारी संध्याकाळी दलालाची गाडी येणार आहे. मुकी जाईल, तिच्या मागोमाग बाकीच्या. मी पेंडीचं माप लपवून बघितलं. दादानं ओंजळीनं घातली. दादाला तू सांग. तुझ्या तोंडानं. खुराक बंद कर, गाय विकू नकोस, चूक आमची आहे. दादाकडे फोन आहे, तुझ्याकडे आहे, आणि मध्ये मी नाही.

हे जलद टपालानं पाठवते आहे.

ताई


२० मार्च

धाकटे,

तू परवा आलीस आणि गेलीस, आणि आपण दोघी एक अक्षर बोललो नाही. तू यायच्या आधी काय झालं आणि गेल्यावर काय झालं, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून लिहिते.

दलाल सकाळीच आला. संध्याकाळी दुसरीकडे जायचंय म्हणाला. दादा मुकीला सोडायला लागला. मी जाऊन गाडीच्या फळीपुढे उभी राहिले.

"आजी, बाजूला व्हा," दलाल म्हणाला.

"आजी तुझी. मी या घरातली मोठी मुलगी आहे. संध्याकाळी ये."

"ताई, तमाशा नको," दादा म्हणाला. त्यानं मला दंडाला धरून बाजूला केलं. हळूच केलं, पण केलं. त्यानं मला असं कधी हलवलेलं नाही. मुकी फळीवर चढताना एकदा घसरली, सावरली, आणि आवाज केला नाही. वहिनी घरात गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच.

दुपारी तुझी गाडी फाटकाशी थांबली. पत्र तुझ्या हातात होतं, म्हणजे सकाळच्या टपालात मिळालं असणार आणि तू तशीच निघालीस. तू अंगणात उभी राहून दादाला सगळं सांगितलंस. पेंड जळकी आहे. दूध तिच्यामुळे गेलं. गाईंची चूक नाही, वहिनीची नाही. सही माझी आहे. मी खिडकीत उभी राहून ऐकलं. चांगलं सांगितलंस. मी असते तर दुप्पट शब्द वापरले असते आणि निम्मं पोचलं असतं.

तो म्हणाला, "जेवून जा." तू मान हलवलीस आणि निघालीस. मला वाटतं तू समजलीस की तो रागावला आहे. तसं नाही. त्याला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यानं जेवायला विचारलं.

तू गेल्यावर त्यानं दलालाला फोन केला. मुकी वाटेतच पुढे विकली गेली होती. कुणाला, ते दलाल सांगेना. दादानं दोनदा विचारलं, मग फोन खिशात ठेवला. संध्याकाळी वैरण घालताना त्यानं मुकीच्या गव्हाणीतही पेंढी टाकली आणि तशीच राहू दिली.

धारेच्या वेळी वहिनीपाशी जाऊन म्हणाला, "तुझा हात ठीक आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि धार काढत राहिली. पण जरा वेळानं तिनं बादलीवर वाकून डोळे पुसले.

मी त्याला म्हटलं, "मी सांगत होते ना?"

म्हणायला नको होतं असं तुला वाटेल. मला वाटत नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. म्हणाला, "तू खरंच बोलत होतीस, ताई. पण तू कायमच खरं बोलतेस. वरण पातळ आहे, डॉक्टर मूर्ख आहे, धाकटी पोत्यांत गेली. त्यातलं कुठलं खरं धावत जाऊन ऐकायचं, ते कळत नाही माणसाला."

यावर काय म्हणायचं? तुला सुचलं तर कळव.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

कंपनीनं तुला घरी बसवलं, हे वहिनीकडून कळलं. भट्टी थांबवायला सांगितलीस, विकलेली पोती परत मागवा म्हणालीस, आणि साहेबांनी विचारलं, पुरावा काय? एका म्हाताऱ्या बाईची चाळणी? मला म्हातारी म्हणणाऱ्या त्या गृहस्थाचं नाव कळव. दोन ओळी लिहीन म्हणते.

पण प्रश्न बरोबर आहे. दादाच्या गोठ्यातल्या शेणानं तुझे साहेब ऐकणार नाहीत. पिशव्यांनी ऐकतील.

खिडकीबाई जिवंत आहे. म्हातारी झाली आहे, पुढचे दात झिजले आहेत, पण रवंथ करते आणि बूच शाबूत आहे. आतड्याची नळीही. केंद्रातल्या जनावरांच्या डॉक्टरला मी भेटले. तो आपल्या हाताखाली शिकायला होता, तेव्हाचा तो घाबरट. आता टक्कल पडलंय आणि तरी माझ्यापुढे उभाच राहतो. त्यानं परवानगी दिली आहे. म्हणाला, "पण बाई, माझ्याकडे पिशव्या धुवायला माणूस नाही."

"माणूस मी आणते," म्हटलं.

तुमच्या फिकट पेंडीचं एक जुनं पोतं वहिनीनं तळाशी थोडं शिल्लक ठेवलं होतं, कोंबड्यांना घालायला म्हणून. तपकिरी पेंड तर भरपूर आहे. दोन्ही शेजारी शेजारी घालू. पिशव्या मी शिवल्या आहेत, मदरांच्या दुहेरी टिपेनं. डोळ्यांना आता सुई नीट दिसत नाही, त्यामुळे दोन-तीन वाकड्या झाल्या. त्या तू उसव आणि परत शिव. यावेळी रुमाल मी पुरा करणार नाही. कोठीपोटातही तूच सोडायच्या आणि शेणातही तूच शोधायच्या. मी घमेल्याजवळ स्टूल घेऊन बसेन. बोलणार नाही असं वचन देत नाही. ओकारी आली तर बाजूला जाऊन ओक आणि परत ये. चहा मी आणीन.

काय निघेल ते मला ठाऊक आहे. तुलाही. नोकरी परत मिळेल का, ते ठाऊक नाही. निकाल आल्यावर साहेब तुला घेतीलच असं नाही. पण दुसऱ्या कुणाच्या दादाच्या दावणीवर ती पोती आज चालू आहेत, आणि त्याच्या घरी कुणी वहिनीच्या हाताला दोष देत असेल.

आता दादाचं. त्यानं बाजारातली साधी पेंड आणली आहे. गाई वैरण उरवत नाहीत. दूध थोडं थोडं चढतं आहे. पूर्वीइतकं होईल का, बघायचं. मुकीची जागा रिकामीच आहे. तिथे दुसरी बांध म्हणून वहिनी सांगते, तो ऐकत नाही.

रोज सकाळी मात्र तो वहिनीची ती जुनी चाळणी घेऊन नळावर बसतो आणि शेण धुतो. एका एका गाईचं. काड्या बोटांनी वेगळ्या करतो, कण उजेडात धरून बघतो. परवा मी म्हटलं, आता साधी पेंड आहे, कशाला रोज धुतोस? मान वर न करता म्हणाला, "तुम्हा दोघींच्या भरवशावर होतो तेव्हा बघावं लागत नव्हतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

धुऊन झालं की चाळणी वाळायला टांगतो. गोठ्याच्या दारावर खिळा एकच आहे, तुझ्या सहीचा तुकडा आहे तोच. चाळणी बरोबर त्याच्यावर येते. सही दिसत नाही. पण त्यानं ती काढलेलीही नाही. मी रोज जाता-येता बघते.

येताना रबरी बूट आण. माझे तुला मोठे होतील.

आशीर्वाद.

ताई